शालिकची तिसरी परीक्षा

या, जरा जवळ सरका. तिकडं दारापाशी बसून, मोबाईल पाहत पाहत ऐकाल तर अर्धं ऐकाल आणि उरलेलं मनानं जोडाल. तुम्हा लोकांची ती सवयच आहे. वर्षातून एकदा तोंड दाखवता, त्यातही एक पाय गाडीत. ठेवा तो फोन उपडा. आज मला आमच्या शालिकबद्दल सांगायचं आहे.

शालिक आमचा शेजारी. त्याला चहाला बोलवा, तो लगेच आत येणार नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहील. आधी वर पाहील, कौलं सरकली आहेत का. मग खाली पाहील, ओल आहे का. मग उजवीकडं विजेचं बटण, डावीकडं चूल, कोपऱ्यात कुत्रं. सगळं पाहून झालं की मोठ्यानं म्हणेल, "जागा सुरक्षित आहे." आणि मगच पाऊल आत. ज्या घरात रांगत येऊन यानं माझी दुधाची गंजी लवंडली, त्या घरात आता तो असा शिरतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी म्हटलं, "काहून रे, माह्या घरात वाघ बसला हाये का?"

"बसला असता तं, काकू, तुमाले वाचवाले आलेला मीबी गेलो असतो. आधी जागा पाहा लागते, मंग पेशंट. पुस्तकातलं पयलं पान हाये."

शालिक चव्वेचाळीस वर्षांचा. उंच, थोडा वाकलेला, मान कायम पुढं, जशी काचेतून रस्ता पाहून पाहून झालेली. साकोलीत सोळा वर्षं ॲम्बुलन्स चालवली त्यानं. आमच्या यांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही त्यानंच. आई गेल्यापासून घरात एकटा. लग्न जमलं नाही. पाहुणे यायचे, घर पाहायचे, धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, पाहायचे आणि शेवटी चाचरत विचारायचे, "तुमी मेलेली माणसंबी नेता का?" हा सरळ सांगायचा, "बसवताना तं जित्तीच असतात." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे.

आता ही परीक्षा कसली ते सांगते. ॲम्बुलन्समध्ये दोन माणसं असतात. एक समोर बसून गाडी हाकतो. दुसरा मागं पेशंटजवळ बसतो, नाडी पाहतो, ऑक्सिजन लावतो, छाती दाबतो. त्या मागच्याला ईएमटी म्हणतात. त्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेटला परीक्षा. शालिकनं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, आपल्याला मागं बसायचं. भंडाऱ्याला शिकवणी लावली. ड्युटी संपली की, कधी सुट्टी टाकून, बसनं जायचा, बसनं यायचा.

मी विचारलं, "चांगली गाडी चालवतोस, लोकं नाव घेतात. मागं जाऊन काय करतोस आता?"

"समोर बसून बसून कंबर गेली," म्हणाला.

मी मान हलवली. पण कंबर गेलेला माणूस स्ट्रेचर उचलायची नोकरी मागतो, हे काही मला पटलं नव्हतं.

अभ्यास माझ्याच ओसरीवर चालायचा. मी शाळा पाहिली ती बाहेरून. वाचायला शिकले लेकाच्या पुस्तकांवरून, चुलीपुढं बसून. पण वाचता येतं एवढं खरं. शिकवणीतल्या मराठी टिपा हातात धरून मी प्रश्न विचारायची आणि हा उभा राहून उत्तरं द्यायचा, शाळेतल्यासारखा, हात मागं बांधून. नुसत्या उत्तरांनी भागत नव्हतं, त्याला करूनही पाहावं लागायचं. गाव त्यात भरडलं गेलं.

माझ्याकडं ढोरांसाठी कोंड्याचं पोतं होतं. त्या पोत्याला आडवं निजवून तो छाती दाबायचा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मोठ्यानं मोजत. तीस दाबले की दोन फुंका. मी इकडं भाकरी थापायची, तर माझे हातही त्याच्या मोजण्यावर चालायचे आणि भाकरी पातळ व्हायची. दुसऱ्या आठवड्यात पोतं उसवलं, ओसरीभर कोंडा.

"गेला रे तुहा पेशंट," मी म्हटलं.

"असं बोलू नाई काकू. दोन फुंका बाकी हायेत."

एकदा माझ्या बकरीच्या पायाला तुराटीच्या काड्या लावून त्यानं पट्टी बांधली. बकरीचा पाय चांगला होता. संध्याकाळपर्यंत तिनं पट्टी सोडवली आणि काड्या चघळून टाकल्या. शालिकनं वहीत लिहिलं, पेशंटची भूक चांगली.

माणूस शुद्धीवर आहे का ते पाहायला चार प्रश्न विचारायचे असतात म्हणे. नाव काय, वार कोणता, कुठं आहात, काय झालं. हा ते किराणा दुकानात, पाराजवळ, कुठंही विचारायचा. मला तर रोज सकाळी. मी सांगायची, "नाव रुखमा, वार मंगळवार, हाये एकोडीत, नि झालं काई नाई, तू आला एवढंच झालं." तो गंभीरपणे बरोबरची खूण करायचा.

देवाजी पाटलांचं प्रकरण मात्र मोठं झालं. त्यांच्या नातवाच्या बारशाची पंगत बसली होती. पाटील कोणाच्या तरी बोलण्यावर हसले, तोंडात भजं, त्यात ठसका लागला. शालिक वाढत होता. त्यानं हातातली बादली खाली ठेवली, मागून जाऊन पाटलांच्या पोटाला मिठी मारली आणि असा काही हिसका दिला की पाटील जमिनीवरून वीतभर उचलले गेले. भजं बाहेर आलं, त्याच्या मागं कवळी आली आणि समोरच्या व्याह्यांच्या वरणात पडली.

"अबे, मी हासून राहिलो होतो," पाटील बोळक्या तोंडानं म्हणाले.

"खोकत असन माणूस तं हात लावाचा नाई, असं हाये खरं," शालिक म्हणाला. "पण ते पुढच्या पानावर होतं. मी कालपर्यंत तेवढंच वाचलो."

हसायला ठीक आहे, पण पोरगा जीव तोडून अभ्यास करत होता. लेखी परीक्षा त्यानं पहिल्याच फटक्यात काढली. मी गूळ वाटला. मग आली प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तिथं गाडी अडकली.

प्रात्यक्षिकात एक रबरी बाहुला जमिनीवर निजवलेला असतो, माणसाएवढा. त्या दिवशी सांगितलं, हा मोटरसायकलवरून पडला आहे, मानेला मार असू शकतो. शालिकनं जागा पाहिली, सुरक्षित आहे म्हटलं, हातमोजे चढवले, बाहुल्याला मोठ्यानं हाक मारली. सगळं बरोबर. आणि मग काय केलं? बाहुल्याला खांद्याला धरून गरकन फिरवलं. डोकं होतं तिकडं पाय, पाय होते तिकडं डोकं. आणि मग नाडी पाहायला बसला.

परीक्षेच्या मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "हे काय केलंत?"

"मॅडम, पाय दक्षिणेकडं होते त्याचे."

तुम्हाला माहीत आहे, मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेकडं करतात. जित्या माणसानं तसं निजू नये. पण मानेला मार लागलेल्या माणसाला हलवायचं नसतं. डोकं दोन्ही हातांनी आहे तिथं धरून ठेवायचं, मानेला पट्टा बांधायचा, मगच पुढचं. हलवलं तर चालता माणूस जन्माचा खाटेवर पडतो. मॅडमनी नापास लिहिलं.

गंमत अशी की शालिकच्या घरी बुद्धाची मूर्ती. दक्षिण-उत्तर त्याच्या आईनं कधी मानली नाही. मानणारी मी. लहानपणी तो माझ्या ओसरीवर दुपारी लोळायचा तेव्हा मीच त्याला ओढून फिरवायची. म्हणजे पाप माझंच की काय, असं मला वाटू लागलं.

सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा गेला. घरून निघताना शंभरदा घोकलं, फिरवायचं नाही, फिरवायचं नाही. तिथं बाहुल्याचे पाय पुन्हा दक्षिणेकडं. त्या खोलीचं दारच तसं. मॅडमनी ओळखलं, "तुम्ही ते दक्षिणवाले ना?" याचे हात मेंदूच्या आधी पुढं गेले. पुन्हा नापास.

आता एकच खेप उरली होती. तिसऱ्यांदा नापास झाला तर सगळी शिकवणी पहिल्यापासून, आणि त्यासाठी पुन्हा सुट्ट्या मिळणार नाहीत असं गाडीच्या मालकानं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे उरलेला जन्म समोरच्या सीटवर.

शालिकनं अभ्यास सोडला. पुस्तक उघडेना. चहाला यायचा तो सरळ आत यायचा, वर नाही, खाली नाही. एक दिवस मी त्याला धरून बसवलं.

"नापास झाला म्हणून एवढं तोंड पाडतात का? देवाजी पाटलानं बी मॅट्रिक चारदा दिली."

"ते नाई काकू." त्यानं कप बाजूला सारला. "पयल्या साली हायवेवर एक माणूस पडला होता. पाय दक्षिणेकडं. भवती तीस-चाळीस माणसं, कोणी हात लावत नव्हतं. बाया रडाले लागल्या होत्या. त्याइच्या मनानं तो गेलाच होता. मी त्याले फिरवलो, तसा तो कण्हला. नि काकू, तेच लोकं धावले. कोणी पाणी आणलं, कोणी स्ट्रेचर धरलं. तवापासून मी आधी फिरवतो. लोकाइले वाटलं पायजे ना, हा जित्ता हाये म्हणून."

"मंग चांगलंच केलं."

"मॅडम म्हणाल्या, मान गेली असती. सोळा वर्षं मी फिरवून राहिलो काकू. कितीकाइची मान..."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी समजत होते पोरगा निकालाला रडतोय. तो त्या माणसांना रडत होता, ज्यांना उचलताना यानं भलं करायचं म्हणून हात लावला आणि पुढं ती चालली की नाही हे याला कधी कळलं नाही.

मी पदर खोचला. अंगणात गेले आणि मधोमध निजले. पाय दक्षिणेकडं करून.

"काकू, हे काय करता? उठा."

"नाई उठत. मी मोटरसायकलवरून पडली. मान दुखते. पाह्य आता काय करतोस ते."

"तुमी मानता हे. तुमी कायले असं..."

"म्हणूनच निजली. माह्यावर जमलं तं कोणावरबी जमन."

खरं सांगू? सत्तरी उलटलेल्या बाईला असं निजणं सोपं नसतं. पायाच्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारखं होत होतं. पण डोळे मिटले. तो जवळ आला, गुडघ्यावर बसला. त्याचे हात माझ्या खांद्यापर्यंत यायचे आणि मागं जायचे. तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं माझं डोकं दोन्ही कानांपाशी धरलं आणि धरूनच राहिला.

नेमकी त्याच वेळी पलीकडची शेवंता डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चालली होती. तिनं काय पाहिलं? अंगणात म्हातारी, पाय दक्षिणेकडं, उशाशी शालिक डोकं धरून बसलेला. तिनं गुंड जागीच टाकला आणि असा सूर काढला की पाच मिनिटांत अर्धी एकोडी कुंपणाच्या आत.

शेवंता आणि मी वर्षभर बोलत नव्हतो. माझी कोंबडी तिच्या वाफ्यात गेली, तेव्हापासून. आता ती म्हणत होती, "लय मायाळू होती वो बुढी. कोणाले कधी टाकून नाई बोलली." मी डोळे मिटूनच राहिले. जित्तेपणी असं ऐकायला कोणाला मिळतं? मागून कोणी तरी म्हणालं, "मले लोणचं देतो म्हणाली होती कालच." एक जण म्हणाला, लेकाला फोन लावा. देवाजी पाटील म्हणाले, "आता हात नका लावू कोणी, पोलीस येईपर्यंत."

आणि माझ्या डोक्यावरचे हात घट्ट झाले. मला कळलं, शालिकसमोर तोच हायवे पुन्हा उभा राहिला. तीच माणसं, तेच रडणं, कोणाचा हात पुढं येत नाही. आता हा मला फिरवणार.

नाही फिरवलं. त्यानं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

"जित्ती हाये. रडनं बंद करा. शेवंताबाई, तुमी अठी या, माह्यासारखं डोकं धरा, हालू द्याचं नाई. पाटील, तुमी लोकं मागं सारा, हवा येऊ द्या. ए पोरा, तू पाणी पाजू नको, पुठ्ठा नि दुपट्टा आण. काकू, मी शालिक. मान हालवू नका. नाव सांगा."

आणि बापा, सगळे हलले. पाटलांनी लोक मागं सारले. शेवंता माझ्या उशाशी बसली, तिचे ओले हात माझ्या कानांवर. शालिकनं पुठ्ठा आणि दुपट्टा घेऊन माझ्या मानेला पट्टा बांधला, बोटभर जागा ठेवून, पुस्तकात होता तसा. माझे पाय होते तिथंच राहिले. कोणी त्याकडं पाहिलंही नाही.

"रुखमा," मी म्हटलं. "वार गुरुवार. हाये अंगणात. नि शेवंता, तुह्या वाफ्यात गेलेली कोंबडी माहीच होती."

मग मला लोकांनी काय काय ऐकवलं ते सोडा. शेवंता सगळ्यात जास्त बोलली, पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं ते झालंच.

गर्दी पांगली. शालिक माझ्या मानेचा पट्टा सोडत होता. गाठ पक्की बसली होती, वेळ लागत होता. मान वळवता येत नसल्यानं मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच बोलला असेल.

"काकू, मागं जायाचं ते कंबरेसाठी नाई."

"मले माहीत हाये."

"समोर बसणाऱ्याले मागचं दिसत नाई. आयकू मात्र सगळं येते, सायरनमधूनबी. लोकं लय बोलतात. घराले कुलूप लावलं का, विचारतात. बैलाले पाणी दाखवलं का, विचारतात. मी समोरून काय सांगू? रस्ता पाहू का त्याइले पाहू?" गाठ सुटली, पण त्यानं पट्टा काढला नाही. "काकाजीले भंडाऱ्याले नेलं तवा ती साधी गाडी होती. मागं बसणारं कोणी नव्हतं, तुमीच होत्या. साकोली सुटल्यापासून तुमी त्याइच्याशी बोलत होत्या. यंदा कोणतं धान लावाचं, बांधावर तूर टाकाची का नाई. लाखनीपर्यंत काकाजी हूं हूं करत होते. लाखनीनंतर तुमचाच आवाज. तुमीच विचारत होत्या नि त्याइच्याकडून तुमीच सांगत होत्या. मले समजलं. पण मी गाडी हळू नाई केली, सायरनबी बंद नाई केला. म्हटलं, बंद केला तं काकूले समजन."

मी पट्ट्याचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत होते.

"तवाच ठरवलो, असं बोलणारं कोणी मागं पायजे. सगळ्याइच्या संगं काकू नसते."

त्यानं पट्टा काढला, घडी केली आणि चहा ठेवायला आत गेला.

मला लाखनीलाच कळलं होतं. यांचा हात माझ्या हातात होता, मला नाही कळणार? पण समोर हा पोरगा घामाघूम होऊन गाडी पळवत होता. त्याला कसं सांगू, आता घाई नको म्हणून? त्याचा धीर सुटेल, म्हणून मी बोलत राहिले. बांधावर तूर टाकायची, असं यांच्याकडून मीच ठरवलं, आणि त्या वर्षी खरंच टाकली. हे मी शालिकला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तिसऱ्या खेपेला मॅडमनी मुद्दाम पाहिलं म्हणे. बाहुल्याचे पाय दक्षिणेकडंच होते. शालिक गुडघ्यावर बसला, डोकं धरलं आणि रिकाम्या खोलीत भिंतींना आवाज दिला, "रडनं बंद करा, मागं सरा." मॅडम म्हणाल्या, इथं कोणी रडत नाही. हा म्हणाला, "रडतात मॅडम. तिथं असतात ते."

पास झाला. गूळ वाटला तो शेवंतानं.

आता तो पवनीकडच्या गाडीवर असतो, मागच्या सीटवर. गुरुवारी सुट्टीला घरी येतो. त्याचा पहिला पेशंट कोंढा गावचा एक म्हातारा, एकटाच राहणारा, छातीत दुखत होतं. सारखा विचारत होता, बकऱ्या कोण सोडन, बकऱ्या कोण सोडन.

"मंग तू काय सांगितलं?" मी विचारलं.

"मी म्हटलो, आधी सगळ्याइचे नावं सांगा, मंग पाहू. अकरा होत्या. एकीचं नाव त्याले आठवेना. दवाखाना येईपर्यंत आमी तेच आठवत होतो."

"वाचला का?"

"हाव. आता आठवड्यातून दोनदा फोन करते. माहं नाव अजून नाई सांगता येत त्याले. बकऱ्याइचं सांगते सगळं. मीबी आयकतो. मले तरी कोण फोन करते दुसरं?"

हे तो हसत म्हणाला. मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तर आता पुन्हा यायला वर्ष लावू नका. आधी कळवून येऊ नका. मला घर सारवायला लावता आणि मग येतच नाही, तुमचं असंच असतं. गुरुवारी आलात तर तोही भेटेल. बाकीच्या दिवशी मी आहेच. नवा तांदूळ निघाला आहे, तूरही बरी आली आहे यंदा. लवकर या.